एकाच दिवशी घेतलेल्या दोन सुऱ्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंद्याने आचारी, आता निवृत्त, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, पण डॉक्टर म्हणतात तो गोळ्यांमुळे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही की गोड बोलून मला कोणी गुंडाळलेले नाही. हे लिहू नये म्हणून गेली बावीस वर्षे मीच माझ्यावर दबाव आणत होतो, तो आजपासून मानत नाही. चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात आकडे बरोबर होते, बाकी सगळी लपवाछपवी होती.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मिळकत लिहा, कोणाला काय ते लिहा, दोन साक्षीदार आणा. गोष्टी सांगत बसू नका." मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमके उलटे केले. त्यांनी राग मानू नये.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या गळक्या नळासह, माझ्या पुतणीला मिळाव्यात. लग्न मी केले नाही, त्यामुळे हक्क सांगायला दुसरे कोणी नाही. खरे तर घर धाकट्या भावालाच जायला हवे, पण तो घेणार नाही. माझ्याकडून तो कधी चहाच्या पुढे काही घेत नाही. नळ दुरुस्त करायला खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला बोलावू नये. तो तीनदा आला आणि तीनदा माझाच पाना घेऊन गेला.

कलम २. बँकेतली ठेव. तीही पुतणीला. तिला आचारी व्हायचे आहे आणि त्याच्या शिक्षणाला ती पुरेल. त्यातून एक रक्कम वेगळी काढून तिने पहिली सुरी घ्यावी. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, माझं बजेट बेताचं आहे. चांगली जपानी सुरी कशी निवडायची, सांगा ना. बाबा तर सुरीचा विषय काढला की उठून जातात." त्या दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. तिला उत्तर दिले नाही. ते इथे देतो.

पोरी, सेट घेऊ नकोस. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या डझनभर सुऱ्यांपैकी दोन कामाच्या असतात आणि बाकीच्या ठोकळ्याची शोभा वाढवतात. तेवढ्याच पैशांत एक चांगली घे. वीतभर लांब, दोन्ही बाजूंनी धार असलेली, भाजी, मासे, मांस सगळ्याला चालणारी. एकाच बाजूने घासलेल्या सुऱ्या दिसायला ऐटबाज असतात, पण त्या मासे कापण्यात मुरलेल्या हाताच्या आहेत. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असली की किंमत चढते आणि कांद्याला काही फरक पडत नाही, तेव्हा साधे पाते माग. पोलाद न गंजणारे घे, कारण तू माझ्यासारखीच विसरभोळी आहेस, ओली सुरी ओट्यावर टाकून फोनवर बोलत बसशील. सुरी डोळ्यासमोर धरून पाठीवरून टोकापर्यंत बघ. सरळ नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलो, परत ठेव. मूठ हातात धरून कापल्यासारखे कर, मनगटाला ओझे वाटता कामा नये. नव्या आचाऱ्याच्या महिन्याच्या पगाराच्या पाचव्या हिश्शात हे सगळे बसते. त्यातलेही थोडे मागे ठेव आणि धारेचा एक मध्यम दगड घे, कारण दगडाशिवाय महागातली सुरीसुद्धा सहा महिन्यांत बोथट होते. काचेच्या पाटावर कापू नकोस. हाडावर आणि गोठलेल्या मांसावर ती कधीही, कितीही घाई असली तरी, चालवू नकोस. ते पाते पातळ आणि कडक असते, म्हणून धार टिकते, आणि त्याच कारणाने त्याचा टवका उडतो. हे मी कोणत्या तोंडाने सांगतो ते कलम पाचमध्ये आहे.

कलम ३. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला पंधरा नगांचा सुऱ्यांचा सेट भेट दिला. पात्यांवर ड्रॅगन छापलेला आहे आणि तो धुतल्यावर निघतो. पंचवीस वर्षे भटारखान्याचा प्रमुख असलेल्या माणसाला असली भेट देताना त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी तो घेतला. हा सेट त्यांना सन्मानपूर्वक परत द्यावा. त्यातली पाव कापायची सुरी बरी आहे, ती तेवढी पुतणीने ठेवून घ्यावी.

कलम ४. धारवाल्याला, म्हणजे हॉटेलच्या मागच्या फाटकापाशी चाक घेऊन बसणाऱ्या माझ्या जुन्या दोस्ताला, मी माझे धारेचे चारही दगड देणार होतो. पण तो साक्षीदार आहे, आणि वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हे ऐकून तो म्हणाला,

"म्हणजे वस्ताद, बावीस वर्षं तोंड शिवून बसलो, आणि शेवटी मिळणार काय तर सही करायला पेन?"

"पेनही परत द्यायचं आहे," मी म्हणालो.

दगड पुतणीला द्यावेत. धारवाल्याने तिला ते वापरायला शिकवावे आणि शिकवताना सिगारेट ओढू नये.

कलम ५. आता दोन सुऱ्या. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. एक माझी आणि एक धाकट्याची.

या दोन्ही आम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या. मी हॉटेलात प्रमुख होतो, तो माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. त्याला मीच आणले होते. भांड्यांच्या बाजारातल्या दुकानदार बाईंनी आमच्यापुढे सात सुऱ्या मांडल्या. मी महागड्या, नक्षीच्या सुरीकडे हात नेला. धाकटा म्हणाला, "दादा, ती भिंतीवर टांगायला घेतोयस का?" मग त्यानेच मधल्या भावातली साधी सुरी निवडली, डोळ्यासमोर धरून बघितली आणि तसल्याच दोन मागितल्या. सुरी निवडण्याबद्दल वर मी जे शहाणपण लिहिले, ते सगळे त्याचे आहे. दोन्ही सुऱ्या एका मापाच्या होत्या, आणि अकरा महिने आम्ही त्या एकाच दगडावर, एकाच दिवशी धार लावून वापरल्या.

भटारखान्यात मी पाटी लावली होती: "जपानी सुरी हाडावर चालवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवले जाईल." अक्षर माझे आणि खाली सहीही माझीच.

त्या दिवशी दुपारी सव्वा वाजता मोठी ऑर्डर आली. शीतगृहातून कोंबडीच्या तंगड्या अर्धवट गोठलेल्याच आल्या. हाडासाठी जाड सत्तूर असतो. तो त्या वेळी पलीकडच्या टेबलावर होता, माझ्यापासून बारा पावलांवर. मी ती बारा पावले चाललो नाही. हातातलीच सुरी घातली. टक् असा आवाज झाला. बघतो तर धारेच्या मध्यावर नखाएवढा टवका उडालेला. मी मिनिटभर तो तुकडा शोधला, सापडला नाही. सगळा हंडा ओतून द्यायला हवा होता. मी तो पुढे पाठवला.

जेवणाऱ्यांपैकी एका बाईंच्या हिरडीत तो तुकडा गेला. रक्त आले, डॉक्टरांकडे दोन टाके पडले. मॅनेजरसाहेबांनी निरोप दिला की चार वाजता सगळ्यांनी आपापल्या सुऱ्या टेबलावर ठेवायच्या. मी मागच्या फाटकातून बाहेर पडलो आणि धारवाल्याच्या चाकावर माझी सुरी घासून घेतली. टवका काही भरून काढता येत नाही. बाकीची सगळी धार तेवढी मागे न्यावी लागते. पाते चाकावर तापून निळसर पडले आणि त्याची धार कायमची गेली. मला त्याचे काही वाटले नाही. खाच दिसत नाही ना, एवढेच मी बघत होतो.

चार वाजता माझी सुरी गुळगुळीत होती. धाकट्याच्या सुरीला मुठीजवळ बारीकशी खाच होती. आठवड्यापूर्वी ती मोरीत पडली होती, आणि ते मला ठाऊक होते, कारण पडली तेव्हा मीच ओरडलो होतो. धाकट्याने सुरी उजेडात धरली. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "साहेब, माझीच असणार. खाच वाढली असेल, माझ्या लक्षात आलं नसेल."

मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. "वस्ताद, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

हे शब्द मी कुठेही गाळले नाहीत आणि सौम्यही केले नाहीत. त्याच संध्याकाळी धाकट्याची नोकरी गेली. भावजयीला तेव्हा सातवा महिना होता. जाताना धाकट्याने आपली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाला, "दादा, ही तूच ठेव. माझ्या हाताचा भरवसा नाही." दुसऱ्या दिवशी तो त्या बाईंच्या दारात जाऊन माफी मागून आला. माफी माझ्या गुन्ह्याची होती. नंतर मला म्हणाला, "दादा, माझ्यामुळे तुला खाली बघावं लागलं."

त्यानंतर त्याने सुरी हातात धरली नाही. तो कुरिअरच्या गोदामात खोकी मोजतो, खिशात कायम मापाची टेप असते. मुलगी लहान असताना तिचा प्रत्येक घास तो आधी बोटांनी चाचपायचा. आजही स्वतः जेवताना पहिला घास जिभेने तपासतो आणि मगच चावतो. मी बावीस वर्षे त्याच्यासमोर बसून जेवलो आहे. मुलीने आचारी व्हायचे म्हटल्यावर तो तिला म्हणाला, "आपल्या घराण्याचा हात त्या कामाचा नाही." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि तरी मी भाजी वाढून घेतली.

मी त्या दिवसानंतर माझी सुरी वापरली नाही आणि त्याचीही नाही. दोन्ही पाती एकमेकांवर ठेवली तर माझे पाते तीन मिलिमीटरने अरुंद भरते. तोच पुरावा आहे. या दोन्ही सुऱ्या धाकट्या भावाला मिळाव्यात, म्हणजे त्याला कळेल की त्याच्या हातात कधीच दोष नव्हता.

कलम ६. पाचवे कलम मी धारवाल्याला वाचून दाखवले. दुसरी साक्षीदार म्हणून मी शेजारच्या शिक्षिकाबाईंना सांगून ठेवले होते. भावाला हे सगळे माझ्यामागे कळणार होते. धारवाला ऐकून घेऊन म्हणाला, "वस्ताद, शटर ओढून घ्यायचं आणि मग गिऱ्हाइकाला हाक मारायची, हा कुठला धंदा? त्याने तुम्हाला दोन शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, फोटोला?"

म्हणून आज मी धाकट्याला साक्षीदार म्हणून बोलावले. तो गोदामातून तसाच आला, चष्मा लावला आणि म्हणाला, "कुठे करू सही?" वकीलबाईंनी सांगितलेच होते की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, त्याच्यासमोर मी सही केली म्हणजे झाले. त्या एका क्षणात मी पुन्हा तोच माणूस झालो होतो. कागद उलटा करून फक्त सहीची जागा दाखवावी, असे मनात आले. धारवाला खोकला. मग मी म्हणालो, "सही नंतर. आधी पाचवं कलम वाच."

हे कलम मी तो समोर बसलेला असताना लिहितो आहे. त्याने दोनदा वाचले. मला शिवी दिली नाही. फक्त विचारले, "सुऱ्या कुठे आहेत?"

तो साक्षीदार झाला म्हणजे मृत्युपत्रातून त्याला काही मिळणार नाही. म्हणून पाचव्या कलमातली देणगी मी रद्द करतो आणि दोन्ही सुऱ्या आत्ता, जिवंतपणी, त्याच्या हातात देतो. त्याने त्या घेतल्या. त्याने मला माफ केले असा अर्थ मी यातून काढत नाही, आणि वाचणाऱ्यांनीही काढू नये. टॉवेल उलगडून, सुऱ्या घेऊन तो खिडकीपाशी गेला आहे. माझ्याकडे पाठ आहे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि माझे म्हणून कबूल केले.

सही: मोठा भाऊ, निवृत्त मुख्य आचारी
ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
वार गुरुवार, महिन्याची सतरा तारीख, दुपारचे चार

साक्षीदार पहिला: धारवाला. सही माझ्यासमोर झाली. सुरी माझ्याच चाकावर घासली होती, हेही खरे. पेन परत केले.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. सुऱ्या मिळाल्या. मुलीला घेऊन रविवारी मी स्वतः बाजारात जाणार आहे, तेव्हा कलम दोनमधले सुरीचे पैसे नकोत. कलम पाचमध्ये एक दुरुस्ती आहे. फरक तीन मिलिमीटर लिहिला आहे. मी टेप लावून बघितले. चार आहे.