चुलीत गेलेल्या गोळ्या

माय,

हे मी तुझ्यासारख्या बायांसाठी लिहितेय, आणि त्यांच्यात तू पहिली. दिवे लागायची वेळ झाली की ज्यांची छाती धडधडायला लागते, ज्या डॉक्टरसमोर डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत बसतात आणि हातात पडलेली पुडी घेऊन निमूट बाहेर येतात, त्या सगळ्या बायांसाठी. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्या हातावर गोळी ठेवली, पण तिच्याबद्दलचं ज्ञान ठेवलं नाही. घ्यायची कशी ते अर्धं सांगितलं. सोडायची कशी ते सांगितलंच नाही. जन्मभर भाषणं केलेल्या बाईचं पत्रही भाषणासारखंच सुरू होतं, त्याला मी काय करू? तूच मला ओट्यावर उभं करून बोलायला शिकवलंस. शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणायचीस, "मोठ्यानं बोल. शेवटच्या घरापतोर गेला पायजे आवाज. आपल्या लोकांचे लय दिवस हळू बोलण्यात गेलेत."

मी शाळेत असताना एका पावसाळ्यात माझी धाकटी बहीण हगवणीनं गेली. तू फारशी रडली नाहीस. काही दिवसांनी, दिवेलागणीला चुलीपुढे बसल्या बसल्या तू छातीवर हात दाबलास आणि दाराकडे पाहत म्हणालीस, "कुणीतरी यायलंय गं." दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. तुझे हात गार पडत, श्वास गळ्याशी येऊन अडकत असे, आणि तू दाराकडे पाहत राहायचीस. हळूहळू मीही पाहायला लागले. ताडकळसच्या आपल्या त्या दोन खणांच्या घरात संध्याकाळ होऊ नये असं मला वाटायचं. बाबा रेल्वेच्या कामावर पूर्णेला, आठवड्यातून एकदा घरी येणारे. घरात तू, मी आणि आजी, तुझी सासू.

आजीचं निदान तयार होतं. "हे बाहेरचं हाय. सोनपेठच्या अंगाला एक जाणता हाय म्हणत्यात. त्याच्याकडं नेते तुला."

सासूला तू कधी उलट बोलली नव्हतीस. त्या दिवशी बोललीस. "आत्याबाई, देव टोपल्यात घालून नदीत सोडले, तवा टोपलं तुमच्याच डोक्यावर होतं. सोडलं म्हंजी सोडलं."

"अगं, पण जीव जायलाय तुझा!"

"जाऊ द्या. अंगारा लावून न्हाई जाणार."

बौद्ध होताना देव सोडले तो दिवस माझ्या जन्माआधीचा. मी तो इतक्यांदा ऐकला आहे की पाहिल्यासारखाच वाटतो. टाक, गंडे, ताईत, मेलेली ढोरं ओढायची जुनी सक्ती, सगळं आपल्या लोकांनी एका दिवसात टाकलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं होतं, तरी खांदा बदलायलाही कुणी थांबलं नाही. म्हणून आपल्यात हळूहळू सोडणाऱ्याला कच्चा समजतात. जो एका झटक्यात सोडतो तो खरा. या शिकवणुकीवर मी वाढले, तिच्याच जोरावर गावोगावचे मंच गाजवले, आणि तिचा अभिमान मला आजही आहे. पण तिच्या पोटात तुझं मरण लपलेलं होतं.

बाबांनी तुला परभणीला नेलं, मीही बरोबर होते. डॉक्टर भले होते, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी तुझी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, धाकटीबद्दल विचारलं. मग म्हणाले, "घाबरायचं काम नाही. ह्या गोळीनं जीव शांत होईल. रोज संध्याकाळी एक. पंधरा दिवसांनी परत दाखवा." तू विचारलंस, "साहेब, कशानं झालं ओ हे?" तोवर पुढचं माणूस आत आलं होतं. बाहेर बाकावर आपल्यासारखी अजून किती माणसं बसलेली.

आणि गोळी खोटी नव्हती, माय. पहिल्याच आठवड्यात तू सकाळपर्यंत सलग झोपलीस. दाराकडे पाहणं थांबलं. शेजारची मावशी येऊन म्हणाली, "आता कशी माणसात आलीस बघ! मधी मधी तर मला वाटायचं, माझ्याच तोंडाला भ्यायलीस का काय!" आणि तू हसलीस. धाकटी गेल्यावर पहिल्यांदा. त्या हसण्यासाठी मी त्या गोळीचे उपकार आजही मानते. औषधाला शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

पण पंधरा दिवसांनी आपण गेलो नाही. आश्विनी पौर्णिमा जवळ आली होती, वस्तीतल्या बायांची पांढरी पोलकी शिवायची होती, आणि तुला बरं वाटत होतं. बरं वाटत असताना डॉक्टरकडे कोण जातं? गोळ्या संपल्या तेव्हा जुनी चिठ्ठी घेऊन तू बाजारात गेलीस आणि दुकानातून आणखी मिळाल्या. मग पुन्हा मिळाल्या. बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीबरोबर गोळ्या येऊ लागल्या. दिवाळी गेली, थंडी गेली. एका गोळीनं भागेना तेव्हा तू सकाळचीही एक सुरू केलीस. कुणाला विचारलं नाहीस. विचारायचं असतं हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. मावशीनं एक मागून नेली, तिच्या घरच्या म्हातारीला झोप येत नाही म्हणून, आणि तू दिलीस, विरजण द्यावं तशी. ती म्हातारी दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तरी उठेना. तोंडावर पाणी मारून मारून तिला जागी केलं. आपण सगळे त्यावर हसलो.

मग एक दुपार. मी ओट्यावर वक्तृत्वस्पर्धेचं भाषण पाठ करत होते आणि आत मशीन चालू होतं. आवाज थांबला. बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही म्हणून मी आत डोकावले. सुई तुझ्या बोटातून आरपार गेली होती. तू ओरडली नव्हतीस. तू त्या बोटाकडे बघत होतीस, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. रक्त पांढऱ्या कापडावर पसरत होतं. "माय!" म्हणून मी चाक उलटं फिरवलं तेव्हा तू सावकाश म्हणालीस, "डुलकी लागली वाटतं गं." त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. कालवणात दोनदा पडलेलं मीठ. उठताना भिंत शोधणारा तुझा हात. सकाळी सांगितलेलं दुपारी हरवणं. एकाच बाहीवर दोनदा मारलेली टीप. भीती घरातून गेलीच नव्हती, माय. तिनं फक्त चाल बदलली होती.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला पत्र्याच्या विहारात सगळ्या बाया तुझ्या हातची पोलकी घालून बसल्या होत्या. वंदनेला उभं राहताना तुझा तोल गेला आणि तू मावशीच्या अंगावर कलंडलीस. मावशी काही वाईट नव्हती, तिच्या जिभेला फक्त दावं नव्हतं. ती म्हणाली, "काय गं, सकाळी सकाळी घोटभर घेऊन आलीस काय? मला वाटलं, हे आमच्याच घरात असतंय!" बाया फसकन हसल्या. आणि लगेच पंचशील सुरू झालं. पाचवं शील आलं, मादक गोष्टींपासून दूर राहायचं. सगळ्यांचा आवाज चढला. तुझा मिटला. मी तुझ्या शेजारी होते. तुझे ओठ हललेच नाहीत.

घरी आल्या आल्या तू डब्यातून गोळ्या काढल्यास. चुलीत निखारे होते. आजी म्हणाली, "काय करायलीस?"

"दारू पिणाऱ्याला एक दिस न्हाई मिळाली की त्याचा जीव कासावीस होतो," तू म्हणालीस. "मला बी होतो. मग फरक काय? सोडलं म्हंजी सोडलं." आणि सगळ्या गोळ्या विस्तवावर ओतल्यास. मी बघत होते. देव सोडले तो दिवस असाच दिसला असेल, असं मला वाटलं. तू मला त्या क्षणी माळवदाला, घराच्या छताला टेकशील एवढी उंच वाटलीस.

पुढचा आठवडा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तुझी झोप उडाली, अगदी संपूर्ण. हात थरथरायला लागले, दोरा ओवता येईना. घामानं पोलकं भिजायचं. भांडं आपटलं तरी दचकून कान दाबायचीस, उन्हाची तिरीप डोळ्यात टोचायची. "मशीन बंद कर गं," म्हणायचीस, आणि मशीन बंदच असायचं. मावशी रोज येऊन धीर द्यायची, "नशा उतरायलीय. ही आपली नेटाची बाई हाय, उतरवील." सगळ्यांना तेच वाटत होतं, की वाईट बाहेर पडतंय. वाईट बाहेर पडत नव्हतं. ते आत येत होतं, आणि आपण सगळे त्याला वाट करून देत होतो.

बाजाराच्या दिवशी तू हट्टानं मशीनवर बसलीस. तुझी मान मागे गेली, अंग लाकडासारखं ताठ झालं, आणि तू बसल्या जागेवरून फरशीवर डोक्यावर पडलीस. मग ते झटके. "फिट आली, कांदा फोडा, चप्पल हुंगवा!" घरभर माणसं. कांद्याचा वास, चामड्याचा वास, आणि तुझ्या टाचा फरशीवर वाजतायत. तुला एस.टी.त घातलं. वाटेतल्या थांब्यांवर बाजारची माणसं त्या गाडीची वाट बघत होती, पण ड्रायव्हरनं तुला पाहिलं आणि वाटेत कुठंच गाडी थांबवली नाही.

परभणीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "गोळी बंद कुणी केली?"

"तिनंच," बाबा म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "एका दिवसात."

त्या बाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "माळवदावरून खाली यायचं असलं तर तुम्ही उडी मारता का? शिडीनं उतरता ना? एवढे महिने घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नसते. अंगाला तिची सवय पडलेली असते. डॉक्टरच्या नजरेखाली थोडी थोडी कमी करत आणायची, आठवडे लागोत की महिने. नाहीतर हे असं होतं."

तेच ते वाक्य, माय. ते आम्ही ऐकलं. तू दोन हातांच्या अंतरावर निजलेली होतीस आणि तुझ्या कानावर ते कधी पडलंच नाही. डोक्याच्या मारातून तू शुद्धीवर आली नाहीस. तुला नेसवायला पांढरी साडी काढली, तिच्यावरच्या पोलक्याच्या एका बाहीला दोनदा टीप मारलेली होती. आणि विहारात पुढं कितीतरी वर्षं तुझं उदाहरण दिलं गेलं: बघा, मरण पत्करलं, पण शील राखलं. माना हलत. कुणी विचारलं नाही की हे मरण टळण्यासारखं होतं का.

आता माझं ऐक. गेल्या वर्षापासून मलाही दिवेलागणीला दार दिसायला लागलं आहे. मंचावर चढायच्या आधी हात गार पडतात. या महिन्यात डॉक्टरांनी तीच गोळी दिली, पण सोबत अर्धा तास दिला. सांगितलं, थोड्या दिवसांसाठीच आहे. हिच्यावर दारू नको, झोपेचं किंवा खोकल्याचं दुसरं औषध मला विचारल्याशिवाय नको. गुंगी आहे तोवर गाडी चालवू नका, उठताना सावकाश उठा. दुसऱ्या कुणाला एकही देऊ नका. आणि मनानं वाढवू नका, मनानं तोडूही नका. उद्या पौर्णिमा. ताडकळसला बायांपुढे मला बोलायचं आहे, आणि विषय त्यांनी दिलाय पाचवं शील. आज सकाळी गोळ्यांची पट्टी घेऊन मी कचऱ्याच्या डब्यापाशी उभी होते. माझा हात अगदी तुझ्यासारखा वर गेला होता. तोंडात तुझेच शब्द होते.

मग मला तुझ्या टाचांचा आवाज आला, आणि मी खाली बसले.

पाचवं शील मी पुष्कळ वाचलं आहे, माय. त्याचा रोख माणसाला बेसावध करणाऱ्या गोष्टीवर आहे. सांगितली तेवढी, सांगितले तितके दिवस घेतलेली गोळी शील मोडत नाही. न विचारता घेत राहणं हा बेसावधपणा, आणि न विचारता एका दिवसात सोडणं हाही बेसावधपणाच. देव एका दिवसात सोडता आले, कारण ते आपल्या रक्तात कधीच नव्हते. गोळी रक्तात असते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. उद्या त्यातलं काही बोलता आलं तर बोलेन. एवढी वर्षं शेवटच्या घरापर्यंत आवाज पोचवला, पण खरं सांगते, उद्या मला भीती वाटतेय. त्या बायांमध्ये मावशीच्या सुना बसलेल्या असतील, आणि माझ्या पिशवीत ती पट्टी असेल.

तरी तुला सांगते, आणि तुझ्यामागे बसलेल्या सगळ्यांना सांगते. चुलीपासून हात मागे घे. गोळ्या पदराच्या गाठीत बांध, परभणीची गाडी धर, आणि ज्यानं दिल्या त्याच्यासमोर ती गाठ सोडून विचार: साहेब, याच्यावरून उतरायची शिडी कुठं आहे?