चिंचेचा चोथा आणि काळं सिंक

शनिवार, संध्याकाळ

जमलं एकदाचं! सिंक पुन्हा काळं कुळकुळीत झालं.

ग्रॅनाइट कॉम्पोझिटचं काळं सिंक घ्यायचा हट्ट माझा. हे दुकानातच म्हणाले होते, "आपल्या धायरीत बोअरचं क्षाराचं पाणी. महिन्यात पांढरं पडेल." पडलंच. नळाखाली पांढरा डाग धरला आणि मी त्यावर कायम पातेलं ठेवत राहिले. कोणापासून लपवत होते? ह्यांना तर केव्हाच दिसला असणार.

आज वन्सं येणार म्हणून सकाळी चिंचेनं देवाची भांडी घासली आणि चोथा तसाच नळाखाली विसरले. तासाभरानं उचलला, तर खालचा डाग गायब! मग काय, सगळं सिंकच चिंचेनं चोळलं, धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. तारेची घासणी मात्र लावली नाही. ओरखडे पडले तर चिंच काय करणार?

वन्सं सिंकवरून हात फिरवत म्हणाल्या, "छान आहे गं! नवीन घेतलंस?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणतात, "मीच म्हटलं हिला, घ्यायचं तर काळंच घेऊ."

धन्य! वन्सं गेल्यावर फडकं ह्यांच्या हातात दिलं. "तुमच्या पसंतीचं ना? मग रोज कोरडंही तुम्हीच करा."

आत्ता पुसताहेत. नळाखालचं राहणार, मला खात्री आहे.

हाक आली. "अगं, नळाखालीसुद्धा पुसलंय, बघून जा!"

पुसलं असेल. तरी बघून येतेच.