पाटाच्या फळीतली बिटं

९ एप्रिल, गुरुवार

शी! सगळी बिटं चहाच्या डब्यात.

नाव टाकायच्या मशीनला लावायची माझी बिटं, काडेपेटीच्या काडीएवढी, टोकाला हिऱ्याचा चुरा. प्रत्येकाची कागदाची पुडी वेगळी होती. घरात लग्न म्हणून आवराआवर चाललीय, त्यात सुप्रियानं पुड्या सोडल्या, बिटं साबणानं घासली आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ओतली. नात माझी गुणाची, पण हात जरा जास्तच चालतो. वर मलाच सांगते, "आजोबा, एकाला तर काळा दोरा गुंडाळलेला, नुसता तेलकट. तो कापून टाकला."

तो दोरा मळ नव्हता गं बाई. ती खूण होती.

लग्नातल्या भांड्यांवर एका बिटानं नाव टाकायचं आणि 'कै.' लावून स्मरणार्थ वाटतात त्या भांड्यांवर दुसऱ्यानं. कारखाना सुटल्यावर भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसायला लागलो, तेव्हापासून पाळत आलोय. माझा विश्वास आहे की नाही, हे मी स्वतःला कधी नीट विचारलं नाही. गिऱ्हाईक मात्र विचारतं: "दादा, त्याच टोकानं नाय ना टाकत?" मी छातीवर हात ठेवून नाही म्हणतो.

आता सगळी सारखीच दिसतात. सुप्रियाचा हंडा, कळशी, परात कोपऱ्यात कोरी बसलीयत. तिचं लग्न महिन्यावर आलंय.

१० एप्रिल

डबा उपसताना गुलाबी दगडाचं बिट हाताला लागलं. त्याला पांढरं, पिठासारखं काहीतरी चिकटलेलं. वास घेतला आणि पस्तावलो.

"अवो, काल ते मशीनला लावून टाच घासली मी," बायको, जयवंता, म्हणाली. "भेगा बघा, कशा गेल्या." पाय पुढं करून दाखवला.

टाच खरंच मऊ झालीय. पण मी जेवलो नाही.

१२ एप्रिल

बिटांना घर पाहिजे. ठरलं.

सुप्रियाला अपराध्यासारखं वाटलं असणार, तिनं मोबाइलवरून प्लास्टिकची पेटी मागवली होती. ती आज आली. आत काळा स्पंज, त्याला फटी. बिट खोचलं की आडवं झोपतं, ओढलं की स्पंजचा तुकडा घेऊन येतं. वास तर असा, की उन्हात चप्पल जळतेय. पोरीसमोर "छान आहे" म्हटलं. ती गेल्यावर पेटीत सुतळी आणि खिळे भरले.

१३ एप्रिल

मला सुचलं! कपड्याच्या साबणाची वडी. बिटं उभी टोचली, एकदम ताठ, डोकी वर, कुठलं कुठं ते लगेच दिसतं. जयवंताला बोलावून दाखवलं. "वाढदिवसाचा केक," म्हणाली. म्हणू दे. पैसा नाही, खटपट नाही. स्वतःवर खूश आहे.

१५ एप्रिल

ओकारी यायची बाकी राहिली. या उकाड्यात साबणाला घाम सुटला. बिटांच्या बुडाशी पिवळी लाळ, लाळेत गंज. एक उपटलं तर बोटाला तार आली. खोपोलीच्या कारखान्यात जन्म काढला, तिथली गटारं पाहिली, पण एवढी किळस नाही आली. आणि हे मी स्वतःच्या डोक्यानं केलेलं!

जयवंता म्हणते, "केक खराब झाला का?"

१६ एप्रिल

आज दुकानात शेलूहून एक माणूस आला. नवनाथ नाव, नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, इस्त्रीचा शर्ट. स्टीलच्या वाट्यांची गोणी समोर ठेवली. मजकूर तोंडानं सांगितला: कै. पारूबाई यांच्या स्मरणार्थ.

"आई का?"

"हो."

"कधी गेल्या?"

"नाय गेली अजून." इकडं तिकडं बघितलं. "तारखेची जागा तेवढी सोडा, दादा."

मी मशीन बंद केली. म्हटलं, "आजारी आहेत का फार?"

"तसं काय नाय. जेवते-खाते."

जेवते-खाते! ज्या वाट्या तिच्या मागं वाटायच्या, त्या पोरगा आधीच घेऊन ठेवतोय. भाव वाढेल म्हणून, की नंतर सुट्टी मिळणार नाही म्हणून? मी "घेऊन जा" म्हणेपर्यंत तो गोणी टाकून गाडी पकडायला पळालासुद्धा. गोणी पायानं सरकवून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. हात लावायची इच्छा झाली नाही. घरी आल्यावर दोनदा हात धुतले.

१९ एप्रिल

साबण फेकला. आता लाकूडच. नवी फळी नको, ओली असली तर सुकताना भोकं आवळतात. माळ्यावर जयवंताच्या लग्नातला पाट आहे, एक पाय मोडलेला, अस्सल साग. सागाला स्वतःचं तेल असतं, गंज लवकर धरत नाही.

"त्याला हात लावायचा नाय," जयवंता म्हणाली.

"मोडलेला आहे गं."

"बापाचं नाव हाय त्यावर."

उलटा करून बघितला. खालच्या बाजूला तांबड्या रंगात 'हिरू यांजकडून'. सासऱ्यांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं. मी म्हटलं, नाव राखून कापतो. ती समोर बसून राहिली, माझ्या करवतीवर लक्ष ठेवून. नावाची पट्टी वेगळी काढून तिच्या हातात दिली. पदरानं पुसली, देवाजवळ नेऊन ठेवली.

२१ एप्रिल

आज भोकं पाडली. गिरमिटाला दोरा बांधला. दोरा लाकडाला टेकला की थांबायचं, म्हणजे सगळी भोकं सारख्या खोलीची. पहिलं घट्ट झालं, बिट अडकलं, पक्कडीनं उपटावं लागलं. मग एक नंबर मोठं पातं लावलं आणि भोकांत मेणबत्ती घासली. दोन भोकांमध्ये बोट मावेल एवढी जागा सोडली. बिटाला मान धरून उचलता आलं पाहिजे, नाहीतर टोकाला हात लागतो. पुढच्या रांगा लग्नाच्या. आणि मागं, कडेला, एकटं एक भोक. त्याच्याभोवती काळ्या रंगाचं कडं.

वर झाकण म्हणून श्रीखंडाचा डबा उलटा. आत तांदळाची पुरचुंडी, ओल शोषायला.

सुंदर झालंय. कोणाला सांगणार नाही, पण उगाच दोनदा झाकण उघडून बघितलं.

२२ एप्रिल

घर झालं, पण काळ्या कड्यात कोणाला बसवू? भिंग लावून बघितलं, उन्हात धरून बघितलं. काही कळत नाही. शेवटी जुनी हिऱ्याची सगळी बाद केली, त्यातलं एक काळ्या कड्यात बसवलं. नेरळहून नवी आणली, ती पुढच्या रांगेत. सुप्रियाच्या भांड्याला नवं कोरं बिट लागणार, एवढं नक्की. जिवाला बरं वाटलं.

तिला विचारलं, काय मजकूर टाकू. रीत म्हणून विचारलं. माहीतच आहे, माझं नाव: 'धाकलू यांजकडून'.

"माझं नाव टाका ना, आजोबा."

"देणाऱ्याचं टाकतात, पोरी. रीत आहे."

"वापरणार मी, घासणार मी." हसून म्हणाली आणि आत गेली. मी मशीन काढली होती, ती परत ठेवली. का, ते मला सांगता येत नाही. हंडा अजून कोराच.

२४ एप्रिल

नवनाथचा फोन. "झालं का, दादा?"

"नाही."

"लवकर करा हो. मला घरी तोंड दाखवायचंय."

कुठलं तोंड? मनात आलं ते बोललो नाही. पण तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: बाई जिती आहे. तिच्या नावामागं 'कै.' टाकायचं ते कुठल्या बिटानं? काळ्या कड्यातलं घेतलं तर जित्या बाईला माझ्याच हातानं पलीकडं ढकलल्यासारखं. पुढच्या रांगेतलं घेतलं, तर सुप्रियाच्या रांगेत ते पुन्हा कसं ठेवू? एवढी जागा केली, आणि याला जागाच नाही.

गोणी परत करणार. ठरलं. तोंडावर सांगणार, असली कामं मी करत नाही.

२५ एप्रिल

सांगायची वाक्यं पाठ केली. दोन चांगली जमलीत.

२६ एप्रिल, रविवार

नवनाथ आला. सोबत एक म्हातारी, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकवाचं बोट. ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली. तीच पारूबाई.

"टाकलं का रं माझं नाव?"

मी नवनाथकडं बघितलं. तो बुटाकडं बघत होता. "मी नकोच म्हणत होतो, दादा. पंधरा दिस पाठ सोडली नाय तिनं."

म्हातारी म्हणाली, "लग्नातली भांडी बापाच्या नावाची. मंग नवऱ्याच्या नावाची. आता याच्या नावाची. माझं टाकतील ते मी मेल्यावर. मंग मी बघू कवा?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. 'कै.' नको म्हटलं, नुसतं नाव टाकतो. बाकीचं पुढं ज्याचं त्यानं बघावं. "नाव मोठं काढ," म्हणाली. फळीचं झाकण उघडलं आणि पुढच्या रांगेतलं नवं बिट घेतलं. वाचता येत नाही तिला. पहिल्या वाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, बाकीच्या होईपर्यंत.

बिट पुसून त्याच रांगेत ठेवलं. घरी येऊन सुप्रियाला म्हटलं, हंडा आण. आणि तुझं नाव तू कसं लिहितेस, ते एकदा कागदावर काढून दे.