पाववड्याला दहापैकी किती

अण्णा, आता मला पुढे काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला विचारायला बसले आहे. नगरमध्ये सगळ्यात चांगला पाववडा कुठे मिळतो? तुम्ही हसाल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि लेक विचारतेय काय, तर पाववडा. पण घरात तुमची नात जेवत नाही, अण्णा. मेडिकलच्या परीक्षेची तयारी करायला लातूरला होती. दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही, तेव्हा बॅग घेऊन परत आली आणि तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ताट जसं नेते तसं परत येतं. डॉक्टर झाले, समुपदेशन करणाऱ्या ताई झाल्या, गोळ्या चालू आहेत, सगळे म्हणतात वेळ द्या. तिच्या मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपराकडे घसरतं. किती वेळ द्यायचा, हे कुणी सांगत नाही.

मग तुमची लुना आठवली. बारावीला नापास झाले तेव्हा मीही अशीच पडून होते. आई रडायची, काका येऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून चहा पिऊन जायचे. तुम्ही नागापूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून यायचात, हातपाय धुवायचात आणि दारातूनच म्हणायचात, "चल गं, चप्पल घाल." कुठे जायचं ते नाही, निकालाबद्दल एक अक्षर नाही. रोज पाववड्याची नवी हातगाडी. कधी माळीवाड्याच्या स्टँडसमोर, कधी तारकपूरला, कधी पार भिंगारला. पाव मधोमध चिरून त्यात हिरवी चटणी आणि बटाट्याची भाजी दाबायची, मग अख्खा पाव बेसनात बुडवून कढईत सोडायचा. आपल्याकडे वडापावापेक्षा याचंच कौतुक जास्त. तुम्ही तो कागदासकट दोन्ही हातांत धरायचात, पहिला घास तोंडात घोळवायचात आणि रस्त्याकडे बघत विचारायचात, "धापैकी किती?" मी कागदाच्या कडा दुमडत बसायचे. "म्या साडेपाच देतो," तुम्ही म्हणायचात, "बटाटा गोड हाय." माझ्याकडे मान वळवायची नाही. किती दिवस असेच गेले आठवत नाही, पण एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "चार. बेसन आतून कच्चं आहे." तुम्ही लगेच गाडीवाल्याला हाक मारलीत, "ऐकलं का? आमची मास्तरीण काय म्हनती बघा." आणि तो बिचारा खरंच गॅस कमी करायला वाकला. सगळ्यांकडून मार्क घेऊन खचलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी मार्क दिले होते. नंतर माळीवाड्याच्या एका गाडीवर मी दहा म्हणाले तर तुम्ही चक्क रागावलात. "धाला धा द्यायचे न्हाईत. मग उद्या जायाचं कुठं?"

तुमचा एकच वेंधळेपणा होता. मला दारात सोडलं की कपाळावर हात मारायचात, रुमाल गाडीवर राहिला, आणि लुना तशीच मागे वळवायचात. आई वैतागायची. "कसं इसराळू मानूस हाय ह्ये. एक दिवस त्यो रुमाल खिशालाच शिवून टाकते मी."

तर अण्णा, मी तेच करायला घेतलं. ऑफिसातून आले की तिला म्हणते, चल, चप्पल घाल. ती येते. वाद घालायचंही तिच्यात त्राण नाही म्हणून येते, असं मला वाटतं. स्कूटरवर मागे बसते तर वजनच लागत नाही. पहिल्या दिवशी एवढंच बोलली, "हॉस्टेलवरची मैत्रीण याला तळलेलं सँडविच म्हणायची." मला केवढा आनंद झाला. पण घास एकच, तोही उंदरासारखा, मग पाववडा कागदात गुंडाळून माझ्या हातात. तुमच्या सगळ्या जागा पालथ्या घातल्या. तुमच्या वेळच्या गाड्या कुठल्या राहायला. मी मार्क विचारते, ती खांदे उडवते. मी म्हणते, अगं अजून एक घास, माझ्यासाठी. परवा दिल्ली गेटजवळ तिने कागद बाकावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तू माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. मला गिळता येत नाही. तू स्वतः तरी एक खाल्लास का?"

खाल्ला नव्हता. इतक्या गाड्या झाल्या आणि माझा पाववडा रोज पिशवीतून गार होऊन घरी यायचा. तुम्ही मात्र सगळा संपवायचात, वर मिरची मागून घ्यायचात. तेव्हा मला वाटलं, आपलं चुकतंय ते इथे. अण्णा बघत नव्हते. अण्णांना खात्री होती.

म्हणून आज बोल्हेगाव फाट्यावर मी रस्त्याकडे तोंड करून बसले. कारखाने सुटले होते, मोटारसायकलींची रीघ लागली होती. गाडीवाल्याने विचारलं, "ताई, मिरच्या देऊ का अजून?" मी म्हटलं, द्या. मी खाल्लं, अण्णा, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत. मान वळू नये म्हणून जाणाऱ्या टेम्पोंवरची अक्षरं वाचत राहिले. मग तुमच्यासारखंच विचारलं, "धापैकी किती?" मी अजून दोन टेम्पो वाचून काढले. मग ती म्हणाली, "साडेतीन. आत काही नव्हतंच." मी वळले तेव्हा तिच्या हातात कागदाचा बोळा होता.

आत काही नाही हे कळायला आतपर्यंत खावं लागतं, असं मी येताना स्वतःला समजावत होते. पण नुसतं मोडून बघितलं तरी कळतं. आणि बाकाखाली कुत्रं बसलं होतं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते काही मला कळत नाही असं नाही. पाकीटसुद्धा आणलेलं नाही. एवढंच सांगायचं राहिलंय की आज तिला घरी सोडल्यावर मी दूध आणायचं राहिलं म्हणाले आणि स्कूटर तशीच मागे वळवली. पुन्हा फाट्यावर गेले. गाडीवाला बघत होता तरी वाकून बाकाखाली बघितलं. बेसनाचा चुरा नव्हता, पावाचा तुकडा नव्हता, कुत्रं तेवढं झोपलं होतं. तिने खाल्लं की त्याने, कुत्र्याच्या पोटाकडे बघून काही कळेना. तिथेच उभी राहून मी रडले, आणि दूध न घेताच परत आले.

रुमाल खिशातच असायचा ना, अण्णा?