गावदेवीची तीन नाकं आणि तुझा जावई

ती. दमयंती आत्यास पनवेलहून हितेशचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून सध्या मनातल्या मनात). तुझी शुगर कशी आहे? हे व्हॉट्सॅपवरच लिहिलं असतं, पण तुझा फोन दिपिका उचलते आणि आलेलं सगळं नवऱ्याला वाचून दाखवते. नवरा म्हणजे तुझे लाडके जावई, प्रणितराव. त्यांचंच सांगायचं आहे.

मला जळकुटा म्हण, चालेल. आहेच मी! गव्हाणच्या गावदेवीची मूर्ती झिजली, तिच्यावरून हुबेहूब नवी घडवायची आणि जुनी खाडीत विसर्जित करायची असं ठरलं, तेव्हा स्कॅनिंगचं काम कमिटीने आधी मला दिलं होतं, तुझ्या माहेरच्या माणसाला. चेहरा एकदा खाडीत गेला की गेला, म्हणून चूक चालणार नव्हती. माझी रीत फोटोंची. चहूबाजूंनी फोटो काढत फिरायचं, मग कॉम्प्युटर ते एकमेकांशी जुळवून आकार उभा करतो. त्यासाठी वस्तू हलता कामा नये, चकाकता कामा नये. पण 'उद्या देवीचे फोटो काढायचेत' एवढंच मी बोललो, आणि फोटो म्हटल्यावर तुम्ही बायका ऐकता होय? पहाटेपासून तेल-शेंदूर, चांदीचे डोळे, नवी नऊवारी (नेसवलीस तूच!), वर देवीला उकडू नये म्हणून पंखा. पदर फडफडतोय, शेंदूर चमकतोय. कॉम्प्युटर गोंधळला आणि त्याने देवीला तीन नाकं दिली. कमिटीचे तुळशीरामकाका म्हणाले, "पोरा, येवढ्या नाकांनी देवीला सर्दी झाली तं करायचा काय?"

मग आले प्रणितराव, लेझर घेऊन. ते यंत्र किरण सोडतं आणि परत आलेल्या किरणावरून अंतर मोजतं. अक्कल यंत्राची, यांनी नुसतं बटण दाबलं. पण हे म्हणाले, 'देवीचं मोजमाप घ्यायचंय.' मोजमाप म्हटल्यावर तुम्ही साडी, डोळे, तेल, शेंदूर सगळं उतरवून, आंघोळ घालून देवी कोरडी ठणठणीत करून दिलीत! त्या चकाकीवर त्यांचा लेझरही आपटला असता, हे कोणी बोलत नाही. चहा पिता पिता यांचं काम झालं. आणि दुपारी तुझ्याकडे पानात महागडा जिताडा मासा! मला त्याच घरात सुक्या बोंबलाची चटणी मिळाली होती (चटणी चांगली होती, पण मुद्दा तो नाही).

लेझरने आकार नेमका दिला, रंग मात्र दिला नाही. पडद्यावर राखाडी देवी बघून बायकांनी जोडायला उचललेले हात खाली घेतले. तुळशीरामकाका म्हणाले, "ही आमची देवी नाय." आणि ओळख पटल्याशिवाय कमिटी मूर्तिकाराला हो म्हणणार नाही. मी मागे उभा होतो. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली, पण आनंद काही कमी होईना.

आता प्रणितराव माझ्याकडे चेहऱ्याचे फोटो मागतायत, त्यांच्या आकारावर माझा रंग चढवायला. चक्क 'दादा' म्हणाले. मी साफ नाही म्हणून सांगितलं. स्वाभिमान आहे की नाही?

घरात मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे. जावयांना काय द्यायचं ते तू देतेसच.

तुझा (अजून तरी) भाचा,
हितेश

ता. क. रविवारी कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मला झाप. 'हितेश, मुकाट्याने फोटो दे' असं म्हण. म्हणजे आत्याच्या शब्दाखातर दिले असं होईल.

आणखी एक. फोटो मी त्यांना कालच पाठवले. लगेच त्यांनी देवी रंगवून पाठवली. अगदी आपलीच गं! बघून डोळ्यांत पाणी आलं. मी रडलो हे प्रणितरावांना कळू देऊ नकोस, आणि झापताना कसूर करू नकोस.