बाबा डास बघायला आले तेव्हा

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि., आणि सोबत एक घट्ट मिठी.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण माझा फोन आला की बाबा हातातलं काम टाकून तुझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात, हे तूच सांगितलंस. पत्र निदान तू एकटीने वाचशील.

बातमी अशी, की येत्या बावीस तारखेला आमच्या आरोग्य संस्थेचा खुला दिवस आहे. एरवी ओळखपत्र दाखवल्याशिवाय जिथे पाऊल टाकता येत नाही, ते फाटक त्या दिवशी सगळ्यांसाठी सताड उघडं. तान्ह्या बाळापासून काठी टेकत येणाऱ्या आजोबांपर्यंत कुणीही यावं. पाणी विभागवाले नळाचं पाणी तपासून दाखवणार, कुणी हात कसे धुवायचे ते शिकवणार. माझ्याकडे कीटकगृह, म्हणजे आम्ही जिला आपसात डासकोठी म्हणतो ती खोली. आत कुणाला सोडणार नाहीत, पण मोठ्या काचेतून पिंजरे दिसतील आणि बाहेरच्या टेबलावर मी भिंग मांडून बसणार.

आत्या, तू ये. आणि बाबांना घेऊन ये.

मी काय मागतेय ते मला कळतं. आई डेंगीच्या तापात गेली तेव्हा मी परीक्षेसाठी वसतिगृहात होते. घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढे मी ही नोकरी धरली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, की ज्यांनी तुझी आई नेली त्यांनाच तू पोसणार. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर ते अंगणातली बादली पालथी करायला उठून गेले होते. तेव्हापासून मी घरी येते, जेवते, त्यांची औषधं आणून देते, पण कामाचं ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. शेजाऱ्यांना ते सांगतात, की पोरगी कचेरीत आहे.

एकदा त्यांनी येऊन बघावं. मग रागावले तरी चालेल.

आहे तो लोभ राहू दे. कमी करायचा झाल्यास आधी कळव.

तुझी,
भिंगरी

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली. टपली अशासाठी, की एवढं लांबलचक पत्र लिहिलंस आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही.

तुझ्या बाबाची हालहवाल ऐक. रोज सकाळी स्वारी काठी घेऊन गल्लीत निघते. कुणाच्या कुंडीखाली पाण्याची बशी दिसली की पालथी. जन्मभर बस चालवली तेव्हा जेवढा हॉर्न वाजवला नसेल, तेवढा आता तोंडाने वाजवतो. परवा कोपऱ्यावरच्या टायरवाल्याशी जुंपली. तो बिचारा म्हणाला, की आजोबा, टायरात चार थेंब पाणी साठलं तर काय बिघडलं. दादा म्हणाला, की त्या चार थेंबांत डासांची बाळंतपणं होतात, ती तू करणार आहेस का. टायरवाल्याने मुकाट्याने टायरं उलटी केली. माझ्याकडून तर त्याने घरातल्या झाडून सगळ्या खिडक्यांना जाळ्या शिवून घेतल्या आहेत. आता नळाच्या तोंडाला शिवायची तेवढी राहिली आहे.

तुझं म्हणणं मी सरळच त्याच्या कानावर घातलं. मला आडून बोलायला जमत नाही, आणि जमलं तरी त्याला कळत नाही. तो पेपर वाचत होता. म्हणाला, की डास बघायला तिकीट काढून जायची मला हौस नाही. मी म्हटलं, फुकट आहे. तर पेपर उलटा धरून बराच वेळ वाचत बसला.

संध्याकाळी आपणहून विषय काढला, की मध्ये बस बदलावी लागते, तू एकटी कशी जाणार. शिवणकामाचं कापड आणायला मी कुठे कुठे एकटी जाऊन आले आहे ते त्याला चांगलं ठाऊक आहे. पण मी अगदी गरीब चेहरा करून मान हलवली. तेव्हा आम्ही येतो आहोत. तो आत येईल की फाटकाशीच थांबेल, ते माझ्या हातात नाही.

तूही जपून बोल. तुझी आई गेल्यापासून त्याने घरात तिचं नाव काढलेलं नाही. कुणी काढलंच तर पाणी प्यायला उठतो.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो मागायचा कशाला?

तुझी,
आत्या

दि. २३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. तुम्ही काल सुखरूप पोचलात ना? निघताना धड निरोपही घेता आला नाही. बाबा बाहेर जाऊन बसस्टॉपवर उभे होते आणि तू त्यांच्या मागे धावलीस. काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. मला रात्रभर झोप लागलेली नाही.

तू हात धुण्याच्या रांगेत होतीस तेव्हा बाबा एकटेच माझ्याकडे आले. टेबलाशी पोरांचा गराडा होता, त्यामुळे ते बाजूला काचेपाशी जाऊन उभे राहिले. आत जाळीच्या पिंजऱ्यांत हजारो डास. ते पाठमोरे होते, चेहरा दिसेना.

एवढ्यात पुढचे दोन दात पडलेल्या एका चिमुरडीने मला विचारलं, की डास वाईट असतात तर तुम्ही त्यांना मारून का टाकत नाही, खाऊ कशाला घालता. आत्या, इतक्या वर्षांत बाबांना जे सांगता आलं नाही ते मी त्या पोरीला सांगितलं. म्हटलं, आम्ही वेगवेगळ्या वस्त्यांमधून डासांची अंडी गोळा करून आणतो. इथे ती वाढवतो आणि मग बघतो, कुठल्या वस्तीतले डास कुठल्या औषधाने अजून मरतात. कारण डास औषधाला सरावतात. लोकांना वाटतं, धूर मारून झाला, आता काळजी नाही. आणि डास त्या धुरात मजेत उडत असतात. तिला ते पटलं असावं. पण मग तिने विचारलं, की यांतल्या सगळ्यांना नावं ठेवली आहेत का. सगळे हसले.

मी वळून बघते तर बाबा टेबलाशी. ते पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे जवळजवळ छातीला टेकलेले, आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला. खूप वेळ बघत होते. मग हळूच विचारलं, की हीच का ती. मी हो म्हटलं. हीच जात, हिची मादी चावते. त्यांनी विचारलं, की आपण कुणाला काय देतोय हे हिला कळतं का. मी म्हटलं, नाही, तिला अंडी घालण्यासाठी रक्त हवं असतं, बाकी तिला काही ठाऊक नसतं.

त्यांनी भिंगावरचा डोळा काढला. मग म्हणाले, की तेव्हा आपल्या गल्लीत धूर मारला होता. मीच खेटे घालून गाडी आणवली होती. त्यानंतर तिला ताप आला. तो धूर वाया गेला होता का?

खोटं सांगावंसं वाटलं, पण नाही सांगितलं. म्हटलं, गेला असेल किंवा नसेलही. आपल्या भागातले डास त्या वेळी कुणी तपासलेच नव्हते, बाबा. म्हणून तर मी हे करते.

ते उठले, स्टूल नीट सरकवून ठेवलं आणि बाहेर निघून गेले. मी त्यांची जखम उकरून काढली का, आत्या? जे असेल ते लपवू नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. टपली या वेळी माफ.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुझा जीव थोडा भांड्यात पडेल. हातांना कसलीशी पूड चोळून धुवायला लावलं आणि निळ्या दिव्याखाली धरायला सांगितलं; जिथे धुवायचं राहतं तिथे ती पूड चमकते. गल्लीभर स्वच्छतेचे धडे देणारी मी, आणि माझी बोटं नखांपाशी काजव्यासारखी चमकत होती! शेजारी एक शाळकरी पोरगी होती, तिचे हात कोरे करकरीत. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा रांगेत लागले. म्हणून तर दादा निसटला.

आता त्याचं. पहिल्या बसमध्ये तो तिकिटाच्या घड्या घालत बसला होता. दुसऱ्या बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत बोलायला लागला. म्हणाला, की मी त्या फवारणीच्या गाडीसाठी कचेरीत रोज जाऊन बसत होतो. गाडी आली त्या दिवशी स्वतः पुढे चालून घर न् घर दाखवलं. तरी तिला ताप आला आणि ती गेली. तेव्हापासून मी शोधतोय, माझं काय राहून गेलं. कुठली बादली, कुठली बशी राहिली. मग म्हणाला, की कदाचित काहीच राहिलं नव्हतं.

तुझ्या बाबाला मी लहानपणापासून ओळखते. एवढं सलग बोललेला मी त्याला ऐकला नव्हता. मी त्याचा हात धरून बसले. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, की काही त्रास होतोय का. तर दादा म्हणाला, की नाही हो, मुलीच्या संस्थेत गेलो होतो, ती डासांचं औषध तपासते. आणि मग उतरेपर्यंत त्या परक्या माणसाला डास औषधाला कसे सरावतात ते समजावत होता. निम्मं चुकीचं सांगितलं असणार, पण ऐटीत सांगितलं.

तेव्हा तू काहीही उकरलेलं नाहीस. झोप नीट. काल सकाळपासून तो टेबलाशी बसून कागद फाडतो आहे. काय लिहितोस म्हणून विचारलं तर कागदावर हात ठेवला. मी चहा ठेवून निघून आले.

तुझी,
आत्या

दि. २ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, अक्षर लावून घे.

खुला दिवस चांगला झाला. व्यवस्था चोख होती. काच स्वच्छ होती. तू त्या लहान मुलीला सांगितलंस ते मला मागे उभा राहून नीट ऐकू आलं.

आपल्या भागातली अंडी तुम्ही नेली आहेत का? नसतील तर न्यायला ये. कुठे मिळतील त्या जागा मी दाखवतो. टायरवाला कुरकुर करेल, त्याच्याशी मी बोलेन. आलीस की कामाचं सगळं सांग. मला समजलं नाही तर पुन्हा विचारेन, वैतागू नकोस.

आणखी एक. भिंगातून बघताना एक मनात आलं, पण पोरं होती म्हणून बोललो नाही. त्या डासाच्या पायांवर पांढरे पट्टे होते. एकसारखे, ब्रशने काढल्यासारखे. तुझी आई तिथे असती तर आधी तेच म्हणाली असती, की अहो, मेलीचे मोजे तर बघा. मग मला उठवून स्वतः बसली असती, मागची पोरं ताटकळली असती आणि तू लाजेने लाल झाली असतीस. काल मी हे तुझ्या आत्याला सांगितलं. आम्ही दोघंही खूप हसलो. नंतर मला रडू आलं. आत्या जवळ येऊन बसली.

तुझ्या आईचं आणखीही बरंच सांगायचं आहे. जरा सवड काढून ये.

बाबा