बॉनेटवरचे दोन तांबे

१२ एप्रिल १९८३, लातूर
आज पुन्हा तेच! माझ्याकडं सहा ड्रायव्हर चाचणीला — पास दोन. माणिकप्पाकडं सहा — पास सहा! रस्ता तोच रेणापूरचा, गाडी तीच. बॉनेटवर पाण्याचा तांब्या ठेवायचा, सांडला की नापास. अकरा वर्षं आमच्या एसटी डेपोत हीच रीत. मग त्याच्याच तांब्यातलं का सांडत नाही? कुठंतरी पाणी मुरतंय.

१५ एप्रिल
भोकरचा शेषेराव तिसऱ्यांदा नापास. जाताना म्हणतो, "मला माणिकप्पा सायबाकडं धाडा की. ते माणूस बघतेत." माणूस बघतात, की माणसाचा खिसा?

१६ एप्रिल
नांदेडच्या वरच्या कचेरीला अर्ज लिहिला. डाव्या हातानं, नाव न घालता. माणिकप्पा चाचणीला पैसे खातो, म्हणून. बायको जगदेवी म्हणाली, "डोळ्यानं पाह्यलंत का?" म्हटलं, तुला डेपोतलं काय कळतंय! टपालपेटीत टाकून आलो. हलकं वाटलं.

२१ एप्रिल
नवा जिल्हा, नवे साहेब. त्यांना सगळ्यांची चाचणी एकाच मापानं हवी. आज आम्हा दोघांना एकाच गाडीत बसवलं. चालवायला शेषेराव. बॉनेटवर दोघांचे दोन तांबे, ज्याचा त्यानं भरलेला.

माझा सांडला. माणिकप्पाचा थेंबही नाही! मनात म्हटलं, सापडला चोर.

साहेबांनी पट्टी घालून पाहिली. माझा काठोकाठ होता, त्याचा दोन बोटं कमी.

"असं का, माणिकप्पा?"

"सायेब, आठ दिवसाला नळ येऊन राहिला. लेकरं घागरी घेऊन टँकरमागं पळतेत, अन् आपण पाणी बॉनेटवर सांडावं? मन न्हाई झालं."

बस्स. एवढंच! साहेब म्हणाले, उद्यापासून दोन्ही तांब्यांवर एकाच उंचीला खूण करा. माणिकप्पा हसून म्हणाला, "हाव अण्णा, तुमीच करा खूण. तुमचा हात सरळ हाय." मला त्याच्याकडं बघवेना. आणि शेषेराव? तीनदा घरी धाडला मी त्याला. लाज वाटली, फार लाज वाटली.

२२ एप्रिल
सकाळीच टपाल कचेरी गाठली. अर्ज परत मिळेल का? कारकून म्हणाला, "कवाच गेला की नांदेडला!"

२५ एप्रिल
जेवण जात नाही. जगदेवी ताट झाकून ठेवते.

२९ एप्रिल
माणिकप्पाला घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. चौकशीत आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस घेता येतो. त्यानं माझं नाव लिहून दिलंय.